शक्तिमापक (सायकल)

शक्तिमापक किंवा पॉवर मीटर हे सायकलस्वार सायकल चालविताना किती शक्ती लावीत आहे हे वॅट या एककात मोजणारे उपकरण होय. ते पेडल, क्रँक, क्रँक व दातेरी चकती यांना जोडणारा भाग (स्पायडर) किंवा मागच्या चाकाचा हब यांपैकी एखाद्या ठिकाणी बसविलेले असते. मोजलेले आकडे ते बिनतारी संदेशाद्वारे हँडलवरील सायकल-संगणकाला, मनगटी घड्याळाला किंवा भ्रमणध्वनीला पाठविते. शर्यतपटू, लांब पल्ल्याचे सायकलस्वार, ट्रायथलॉनपटू व त्यांचे प्रशिक्षक सरावाची आखणी करण्यासाठी त्याचा उपयोग करतात.

एकच सायकल बाळगणाऱ्या व्यक्तीला शक्तिमापक निवडणे फारसे अवघड नसते. ज्याच्याकडे दोन-तीन रोड सायकली आहेत, म्हणजे एक शर्यतीची, एक पावसाळ्यातील व रोजच्या सरावाची, कदाचित एक घरातील ट्रेनरवर कायम लावलेली, त्याच्यापुढे मात्र वेगळाच प्रश्न असतो. त्याला सर्वांत अचूक मापकापेक्षा असा मापक हवा असतो, की ज्याचा २०० वॅट हा आकडा प्रत्येक सायकलवर एकाच अर्थाने वाचता येईल. प्रस्तुत लेखात या निवडीचा विशेष विचार केला आहे.

मोजमापाची गरज

वेग हे श्रमाचे भरवशाचे माप नव्हे. हिंगोली शहरापासून नैर्ऋत्येस सुमारे २५ किलोमीटरवर औंढा नागनाथ हे तीर्थक्षेत्र आहे. जुलै महिन्यात या रस्त्याने जाताना मोसमी वारा बहुधा तोंडावर असतो व परतताना पाठीशी असतो. स्वार व सायकल मिळून ८० किलो वजन आणि स्थिर १५० वॅट शक्ती धरली, तर सपाट रस्त्यावर निवांत हवेत वेग ताशी सुमारे ३० किलोमीटर येतो. वारा सेकंदाला ४ मीटर वेगाने समोरून येत असल्यास हाच वेग सुमारे २२ वर उतरतो आणि तोच वारा मागून असल्यास ३९ पर्यंत जातो. पायांनी केलेले काम दोन्ही वेळा सारखेच असते. वेगातील फरक मात्र पावणेदोन पटींचा दिसतो. केवळ वेगाची नोंद ठेवणारा स्वार जाताना निराश होतो आणि येताना स्वतःवर खूश होतो. दोन्ही भावनांना आधार नसतो.

नाडीचे ठोके हे दुसरे प्रचलित माप आहे. ते उपयुक्त असले तरी श्रम वाढल्यानंतर ठोके वाढण्यास काही वेळ लागतो. शिवाय उष्मा, अपुरी झोप, चहा-कॉफी आणि शरीरातील पाण्याची कमतरता यांचा त्यांवर परिणाम होतो. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात दुपारी तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते, तेव्हा तेच श्रम हिवाळ्यापेक्षा बरेच अधिक ठोके दाखवितात. शक्तीचा आकडा हा त्या क्षणी पेडलवर होणाऱ्या कामाचा असल्यामुळे त्याला असा विलंब नसतो.

सरावाची आखणी सामान्यतः ‘एफटीपी’ या आकड्यावर आधारलेली असते. स्वाराला सुमारे एक तास टिकवून धरता येईल अशी कमाल सरासरी शक्ती, असा त्याचा ढोबळ अर्थ आहे. ही संकल्पना अमेरिकी क्रीडाशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉगन यांनी रूढ केली. व्यवहारात २० मिनिटे पूर्ण ताकदीने सायकल चालवून त्या वेळच्या सरासरी शक्तीच्या ९५ टक्के एवढा आकडा घेतला जातो. मग हलक्या फेरीपासून अतितीव्र सरावापर्यंतचे पट्टे याच आकड्याच्या टक्केवारीत ठरतात. म्हणजे एका आकड्यावर सगळी इमारत उभी असते. तो आकडा एका सायकलवर मोजलेला आणि सराव दुसऱ्या सायकलवर, अशी स्थिती आली आणि दोन मापकांत मेळ नसला, तर ती इमारत कलते.

कार्यपद्धती

शालेय विज्ञानात शक्ती म्हणजे एकक काळात झालेले कार्य, अशी व्याख्या दिलेली असते. फिरणाऱ्या वस्तूसाठी हेच सूत्र शक्ती = टॉर्क × कोनीय वेग असे लिहितात. टॉर्क म्हणजे बल आणि ते अक्षापासून जितक्या अंतरावर लावले ते अंतर यांचा गुणाकार. सायकलीत हे अंतर म्हणजे क्रँकची लांबी. समजा, स्वार फेरीभर सरासरी १५० न्यूटन एवढे परिणामकारक बल लावीत आहे, क्रँक १७२.५ मिलिमीटर लांब आहे आणि मिनिटाला ९० फेरे होत आहेत. टॉर्क १५० × ०.१७२५ म्हणजे सुमारे २५.९ न्यूटन-मीटर आणि कोनीय वेग सेकंदाला सुमारे ९.४२ रेडियन होतो. दोहोंचा गुणाकार सुमारे २४४ वॅट येतो.

फेऱ्यांचा वेग चुंबक, त्वरणमापी किंवा जायरोस्कोप यांच्या साहाय्याने कळतो. बल मोजण्यासाठी स्ट्रेन गेज वापरतात. ही धातूच्या पातळ पट्टीची जाळी असून ती पेडलच्या अक्षावर, क्रँकवर किंवा हबच्या आत चिकटविलेली असते. पायाच्या दाबाने तो भाग डोळ्यांना न दिसण्याइतका ताणला जातो. त्याबरोबर जाळीही ताणली जाते, तिचा विद्युतरोध किंचित बदलतो आणि त्या बदलावरून बल काढले जाते. मूळ लांबीच्या तुलनेत झालेल्या या बदलास भौतिकशास्त्रात विकृती म्हणतात. सायकलीत ती दशलक्षांश भागांत मोजावी लागते. योगायोग असा, की हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचा प्रकल्प आहे. त्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तेथे चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये मोजली जाणारी राशीदेखील विकृतीच आहे. फक्त ती एकावर एकवीस शून्ये देऊन होणाऱ्या संख्येच्या एक भागाएवढी सूक्ष्म असते. मोजण्याची पद्धत अर्थातच पूर्णपणे वेगळी आहे.

इतिहास

जर्मन अभियंता उलरिख शोबेरर यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या एसआरएम या कंपनीने क्रँकवर बसणारा व्यावहारिक शक्तिमापक प्रथम बाजारात आणला. अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँड हे त्याच्या सुरुवातीच्या वापरकर्त्यांपैकी एक. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस मागच्या हबमध्ये बसविलेला पॉवरटॅप आला. त्याची किंमत तुलनेने कमी असल्याने व्यावसायिक संघांबाहेरही शक्तिमापक पोहोचला. २०१२ मध्ये स्टेजेस या अमेरिकी कंपनीने फक्त डाव्या क्रँकवर चिकटविलेला हलका मापक विक्रीस आणला. २०१३ मध्ये गार्मिनचा व्हेक्टर हा पेडलमधील मापक बाजारात आला आणि २०१७ मध्ये इटलीतील फावेरो कंपनीची असिओमा ही पेडले आली. पेडल-मापक एका सायकलवरून दुसरीवर नेणे खऱ्या अर्थाने सोपे झाले ते या शेवटच्या टप्प्यात. सुरुवातीच्या पेडलांत बसविण्याचा कोन व घट्टपणा यांची बरीच काळजी घ्यावी लागे. नंतरच्या पेडलांना आपला कोन आपोआप ओळखता येतो.

बसविण्याच्या जागेनुसार प्रकार

पेडल-मापकात सर्व यंत्रणा पेडलच्या अक्षात किंवा त्याला लागून असलेल्या डबीत असते. प्रौढांच्या जवळजवळ सर्व चांगल्या सायकलींत पेडलची आटी ९/१६ इंच या एकाच मापाची असते. सायकल-उद्योगात इतक्या वर्षांत न बदललेल्या थोड्या गोष्टींपैकी ही एक आहे आणि अनेक सायकली बाळगणाऱ्यास तिचाच सर्वांत मोठा लाभ होतो.

क्रँक-मापक बहुधा डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूस असतो. तो हलका, स्वस्त व धक्क्यांपासून बराच सुरक्षित असतो. तो हलविण्यासाठी डावा क्रँक काढावा लागतो. ॲलन की हाती असल्यास दहा मिनिटांचे काम आहे. अडचण अशी, की दोन्ही सायकलींवर एकाच कंपनीच्या, एकाच जाडीच्या अक्षाचा क्रँकसंच हवा. शिमानोचा अक्ष २४ मिलिमीटर जाडीचा असतो, श्रामच्या डब प्रकारातील अक्ष सुमारे २९ मिलिमीटरचा, तर काहींचा ३० मिलिमीटरचा. एकाचा क्रँक दुसऱ्यावर बसत नाही.

स्पायडर-मापक दोन्ही पायांची एकत्रित शक्ती मोजतो व त्याची मोजणी स्थिर मानली जाते. तो दुसऱ्या सायकलवर नेणे म्हणजे संपूर्ण क्रँकसंच काढणे. त्यात चौकटीचे बॉटम ब्रॅकेट आट्यांचे आहे की दाबून बसविलेले, हा आणखी एक प्रश्न उभा राहतो. दर आठवड्याला असे करणारा स्वार विरळा.

हब-मापक चाकाबरोबर जातो. दोन्ही सायकली एकाच प्रकारच्या असतील, तर चाक बदलण्याइतके सोपे दुसरे काही नाही. पण जुन्या रिम-ब्रेकच्या रोड सायकलीत मागचा हब १३० मिलिमीटर रुंदीचा व क्विक-रिलीजचा असतो, तर डिस्क-ब्रेकच्या नव्या सायकलीत १४२ मिलिमीटरचा व थ्रू-ॲक्सलचा. एक चाक दोन्हींत बसत नाही. एका सायकलवर अकरा व दुसरीवर बारा गिअरची कॅसेट असल्यास ती अडचणही येते. मागचे चाक काढून साखळी थेट यंत्रावर चढवावी लागते अशा घरगुती ट्रेनरवर तर हब-मापकाचा काहीच उपयोग नाही.

याखेरीज हँडलवर बसून वाऱ्याचा दाब, चढ व वेग यांवरून शक्तीचा हिशेब करणारी उपकरणेही आहेत. ती कोणत्याही सायकलवर लावता येतात, पण बसण्याची ढब बदलली किंवा पुढच्या स्वाराच्या आडोशाला गेले, की त्यांचे गणित ढळू शकते.

एकाहून अधिक सायकलींसाठी निवड

अशा स्वारापुढे तीन मार्ग असतात. एकच मापक घेऊन तो सायकलींवर फिरवावा, प्रत्येक सायकलला स्वतंत्र मापक बसवावा, किंवा मुख्य सायकलवर मापक ठेवून उर्वरित सायकली नाडीच्या ठोक्यांवर व अनुभवावर चालवाव्यात. तिसरा मार्ग दुय्यम मानला जातो, पण तो अनेकांना पुरेसा असतो. दुसरी सायकल दूध आणण्यासाठी व आठवड्यातून एकदा हलक्या फेरीसाठी असेल, तर तिच्यावर मापक कशाला हवा, हा प्रश्न खरेदीपूर्वी स्वतःस विचारावा.

प्रत्येक सायकलला स्वतंत्र मापक हा श्रीमंती उपाय दिसतो, तथापि खरी गफलत त्यातच होण्याचा संभव अधिक. उत्पादक बहुधा १ ते २ टक्क्यांच्या आतील अचूकतेचा दावा करतात. एक मापक २ टक्के जास्त व दुसरा २ टक्के कमी दाखवीत असेल, तर दोन्ही आपापल्या दाव्यात बसतात आणि त्यांच्यातील अंतर ४ टक्के होते. पहिल्या सायकलवर २०० वॅट एफटीपी काढलेल्या स्वाराने दुसऱ्या, कमी दाखविणाऱ्या मापकावर २०० वॅट धरून ठेवण्याचा प्रयत्न केला, तर तो पहिल्या मापकाच्या हिशेबाने सुमारे २०८ वॅट लावीत असतो. उंबरठ्यापलीकडील हे आठ वॅट दहा मिनिटांत जाणवू लागतात आणि वीस मिनिटांत सराव मोडतो. स्वाराला वाटते आपली तयारी घसरली. प्रत्यक्षात फक्त मोजपट्टी बदललेली असते. याउलट मापक जास्त दाखविणारा असेल, तर सराव नकळत हलका होतो आणि हे बहुधा शर्यतीच्या दिवशीच उघडकीस येते.

मापकांच्या जागा वेगळ्या असल्या की हा फरक आणखी वाढतो. पेडलवर लावलेली सर्व शक्ती मागच्या चाकापर्यंत पोहोचत नाही. साखळी, चकत्या व बेअरिंग यांच्या घर्षणात तिच्यातील काही टक्के खर्च होते. स्वच्छ, तेल दिलेल्या साखळीत हा व्यय दोन-तीन टक्के, धूळ-चिखलाने माखलेल्या साखळीत त्याहून अधिक. म्हणून एका सायकलवर पेडल-मापक व दुसरीवर हब-मापक असेल, तर दोन्ही निर्दोष असूनही हबचा आकडा लहानच येणार. घरातील ट्रेनरचा स्वतःचा मापक साखळीच्या पलीकडे असल्याने त्यालाही हे लागू पडते.

एका पायाची शक्ती मोजून तिची दुप्पट करणारे मापक हा स्वतंत्र विषय आहे. ज्याचा डावा पाय एकूण शक्तीच्या ४८ टक्के वाटा उचलतो, त्याच्या खऱ्या २०० वॅटना असा मापक १९२ म्हणतो. हा वाटा कायम ४८ टक्केच राहिला असता तर बिघडले नसते. पण थकल्यावर किंवा तीव्र जोर लावताना तो अनेकांत बदलतो. तरीही सर्व सायकलींवर डाव्या बाजूचाच मापक वापरला, तर निदान चूक एकाच दिशेची राहते. एका सायकलवर एकांगी व दुसरीवर उभयांगी मापक ठेवणे सर्वांत अडचणीचे.

या सर्व बाबी लक्षात घेता, दोन किंवा तीन रोड सायकली असलेल्या बहुसंख्य स्वारांना एकच पेडल-मापकाची जोडी पुरते आणि तीच हितावह ठरते. तीत दोष असलाच, तर तो सर्व सायकलींवर सारखाच असतो व तुलना बिघडत नाही. चौकट, क्रँकसंच किंवा चाके पुढेमागे बदलली तरी गुंतवणूक वाया जात नाही. पेडल-मापकाच्या विरोधातील मुख्य मुद्दे दोन. पेडल हा पडझडीत प्रथम जमिनीला लागणारा भाग आहे. आणि त्यावरील क्लीटची पद्धत आपल्या बुटांशी जुळावी लागते. लुक किओ, शिमानो एसपीडी-एसएल व स्पीडप्ले या तीन पद्धतींचे क्लीट परस्परांत चालत नाहीत. तसेच काही पेडलांचा अक्ष लांब असल्याने पाय नेहमीपेक्षा बाहेर पडतो. गुडघ्याची तक्रार असणाऱ्यांनी हे अंतर आधी पाहून घ्यावे. सर्व सायकलींवर एकच पेडल राहिल्याने पायाची ठेवण एकसारखी राहते, हा अनपेक्षित लाभही आहेच.

याला अपवाद दोन. दोन्ही सायकलींवर एकाच कंपनीचे, एकाच लांबीचे क्रँक असतील, तर डावा क्रँक-मापक निम्म्या खर्चात तेच काम करतो. दोन सायकलींपैकी एक कायम ट्रेनरवरच असेल, तर ट्रेनरचा आकडा बाजूला ठेवून पेडलचा आकडा प्रमाण धरावा. अनेक ट्रेनर व ॲप यांत बाहेरील मापकानुसार रोध ठेवण्याची सोय असते.

क्रँकची लांबी आणि शून्य-जुळवणी

पेडल-मापक बल मोजतो. टॉर्क काढण्यासाठी त्याला क्रँकची लांबी सांगावी लागते. एका सायकलवर १७० व दुसरीवर १७२.५ मिलिमीटरचे क्रँक असणे नित्याचे आहे. पेडल १७२.५ वरून १७० च्या क्रँकवर नेली आणि लांबी बदलण्यास विसरले, तर प्रत्येक आकडा सुमारे दीड टक्का फुगतो. २०० च्या जागी २०३ दिसतात. ही चूक लहान असली, तरी महागड्या मापकाची जाहीर केलेली संपूर्ण अचूकता तेवढ्यात निघून जाते. अनेक मापकांत ही लांबी सायकल-संगणकात सायकलनिहाय न राहता मापकातच साठविली जाते. त्यामुळे दर वेळी हाताने बदलावी लागते. क्रँकच्या आतल्या बाजूस लांबी कोरलेली असते. ती पाहून एका चिठ्ठीवर लिहावी व चिठ्ठी हत्यारांच्या पेटीत चिकटवावी, हा साधा उपाय पुरतो.

पेडले बदलताना डाव्या पेडलची आटी उलटी असते हे विसरून चालत नाही. दोन्ही पेडले सायकलच्या पुढच्या दिशेने फिरविली की घट्ट होतात व मागच्या दिशेने फिरविली की सैल होतात, असे लक्षात ठेवणे सोपे जाते. आट्यांना थोडे ग्रीस लावावे आणि उत्पादकाने सांगितलेल्या ताणाने पान्याने आवळावे. वारंवार काढघाल करताना आटी तिरपी चढल्यास क्रँक कायमचा निकामी होतो. हाताने तीन-चार फेरे सहज फिरल्याशिवाय पाना लावू नये.

पेडले बसविल्यावर काही जोराचे झटके देऊन ती बैठकीत येऊ द्यावीत आणि मग शून्य-जुळवणी करावी. पेडलवर पाय नसताना मापकाने शून्य बल दाखवावे यासाठीची ही क्रिया संगणकातून काही सेकंदांत होते. एकच मापक फिरविणाऱ्याने ती प्रत्येक बदलानंतर करणे आवश्यक आहे. लंबवर्तुळाकार चकती एखाद्या सायकलवर असेल, तर तीही विचारात घ्यावी लागते. फेरीभर कोनीय वेग समान असतो असे गृहीत धरणारे मापक अशा चकतीवर काही टक्के अधिक शक्ती दाखवितात. जायरोस्कोप असलेल्या काही पेडलांत यावर उपाय केलेला असतो.

हवामान व रस्ते

हिंगोली जिल्हा दख्खनच्या पठारावर असून त्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. कयाधू नदी हिंगोली शहराजवळून जाते. अकोला–वाशीम–हिंगोली–नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ जिल्ह्यातून जातो. लांब, सलग पट्ट्यांमुळे तो स्थिर शक्तीच्या सरावास सोयीचा आहे, मात्र जड वाहनांची वर्दळ लक्षात घेऊन पहाटेची वेळच योग्य. आतील रस्त्यांवर पावसाळ्यात शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर पसरते. ही चिकट माती क्लीटमध्ये व पेडलच्या स्प्रिंगमध्ये अडकते आणि वाळल्यावर दगडासारखी होते. पेडल-मापक वापरणाऱ्याने ती पाण्याने भिजवून मऊ ब्रशने काढावी. दाबाच्या पाण्याचा फवारा अक्षाच्या सांध्यावर मारू नये.

तापमानाचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. धातू तापला की प्रसरण पावतो आणि स्ट्रेन गेजला हे प्रसरण दाबासारखेच भासू शकते. चांगल्या मापकांत तापमानाची भरपाई करणारी यंत्रणा असते, पण ती सर्वांत सारख्या गुणवत्तेची नसते. मे महिन्यात घरातून काढलेली सायकल उन्हात आली, की काही मिनिटांत तिच्या काळ्या क्रँकचे तापमान हवेपेक्षाही वर जाते. म्हणून निघताना लगेच शून्य-जुळवणी न करता सायकल दहा-पंधरा मिनिटे बाहेरच्या हवेत सावलीत ठेवावी आणि नंतर ती करावी. पहाटे पाचला निघून अकराला परतणाऱ्याने मध्ये एकदा थांबून ती पुन्हा करणे बरे.

तपासणी

मापक खरे सांगतो की नाही हे घरच्या घरी पाहता येते. अनेक मापक संगणकाच्या किंवा ॲपच्या पडद्यावर टॉर्कचा किंवा बलाचा आकडा दाखवितात. मागचा ब्रेक आवळून क्रँक जमिनीला समांतर ठेवावा आणि पेडलच्या मध्यावर ज्ञात वजन टांगावे. २० किलो वजनाचे बल सुमारे १९६ न्यूटन असते, १७२.५ मिलिमीटरच्या क्रँकवर टॉर्क ३३.८ न्यूटन-मीटर यायला हवा आणि १७० च्या क्रँकवर ३३.४. वजन अंदाजाचे चालत नाही. वसमतसारख्या हळदीच्या बाजारपेठेत काट्यावर वापरली जाणारी लोखंडी वजने वैधमापन विभागाच्या शिक्क्याची असतात. असे वजन तासाभरासाठी मिळाल्यास याहून चांगले साधन नाही. हीच कृती दोन्ही बाजूंना व प्रत्येक सायकलवर करून आकडे वहीत नोंदवावेत.

दुसरी पद्धत चढाची. स्वार व सायकल मिळून ८० किलो वजन १०० मीटर उंचीवर पाच मिनिटांत चढविण्यासाठी केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २६२ वॅट लागतात. रस्त्याचे घर्षण व हवा यांसाठी त्यावर आणखी काही. वारा नसताना एकच चढ एकाच वेळात दोन्ही सायकलींवर चढून गेल्यास दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. दुसरी सायकल दोन किलोने जड असल्यास तिच्यासाठी सहा-सात वॅट अधिक धरावे लागतात. हे विसरून मापकाला दोष देणारे बरेच आढळतात.

दोन मापक असतील, तर ते एकाच वेळी एकाच सायकलवर लावून दोन संगणकांत नोंद घेणे हा सर्वांत थेट उपाय होय. हब व पेडल या जोडीबाबत तो शक्य असतो. दोहोंतील फरक टक्केवारीत स्थिर आढळल्यास काही मापकांत गुणक देऊन तो काढून टाकता येतो. मापकात तशी सोय नसल्यास प्रत्येक सायकलसाठी वेगळी एफटीपी लिहून ठेवावी.

महाराष्ट्रातील वापर

महाराष्ट्रात सायकल शर्यतींची परंपरा जुनी असून बोरघाट चढून जाणारी मुंबई–पुणे शर्यत तिचे परिचित उदाहरण आहे. शक्तिमापकाचा प्रसार मात्र अलीकडचा. त्यास लांब पल्ल्याच्या सायकलिंगची साथ मिळाली. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोन जणांच्या गटात ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली. या शर्यतीसाठी पात्रता देणारी पुणे ते गोवा ‘डेक्कन क्लिफहँगर’ ही स्पर्धाही राज्यातूनच सुरू होते. अशा शर्यतींत सोबतच्या वाहनात दुसरी सायकल ठेवलेली असते आणि घाटासाठी हलकी व सपाटीसाठी वायुगतिक सायकल अशी अदलाबदल केली जाते. म्हणूनच अनेक सायकलींवर एकच माप चालावे, ही गरज येथे प्रकर्षाने भासते. २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे प्रकारात वेळेची मर्यादा अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस व चाळीस तासांची असते. तेथे मापकाचा उपयोग वेग वाढविण्यापेक्षा पहिल्या शंभर किलोमीटरांत उत्साहाला आवर घालण्यासाठी अधिक होतो.

किंमत, देखभाल व जुने मापक

बहुतेक शक्तिमापक आयात केले जातात. एकांगी क्रँक-मापक व उभयांगी पेडले यांच्या किमतींत मोठे अंतर असते आणि चांगल्या पेडलांची किंमत नव्या मध्यम दर्जाच्या सायकलीएवढी होऊ शकते. जिल्ह्याच्या ठिकाणी दुरुस्तीची सोय सहसा नसल्याने मापक कुरिअरने मोठ्या शहरात किंवा परदेशी पाठवावा लागतो. तेव्हा हमीचा कालावधी, ती भारतात लागू आहे की नाही, आणि बेअरिंग, पेडलचा बाह्य भाग व विजेरीचे झाकण हे सुटे भाग स्वतंत्र मिळतात की नाही, हे खरेदीपूर्वी विचारावे. नाण्याच्या आकाराच्या सेलवर चालणारे मापक वाटेत किराणा दुकानातून मिळालेल्या सेलनेही सुरू होतात. पुनर्भारित विजेरीचे मापक वर्षानुवर्षे सेलचा खर्च वाचवितात, पण चार्जर घरी विसरल्यास निरुपयोगी ठरतात.

जुना मापक विकत घेताना तो संगणकाशी जोडला जातो एवढ्यावर समाधान मानू नये. विक्रेत्यासमोर सलग पाच वेळा शून्य-जुळवणी करावी. आकडे प्रत्येक वेळी बरेच भिन्न येत असतील, तर स्ट्रेन गेजची चिकटण सुटलेली किंवा आत पाणी गेलेले असण्याची शक्यता असते. पेडल हाताने फिरवून बेअरिंगचा खरखरीतपणा व अक्षाचे हेलकावे पाहावेत. पूर्वीच्या मालकाने आपल्या खात्यात नोंदविलेला मापक त्याने मोकळा करून दिल्याशिवाय काही ॲपमध्ये नव्या मालकास वापरता येत नाही, म्हणून ते काम पैसे देण्याआधी समोरच करवून घ्यावे.